बांगडीची निशाणी

ता. २ मार्च १८९६, सोमवार
आज पुन्हा झडती. सूत चोरीला जातं म्हणून साहेबाचा नवा हुकूम: गिरणी सुटली की बायकांच्या ओट्या फाटकावर तपासायच्या. तपासणार कोण? पहारेकरी, बाप्ये! आमच्या खात्यातली काशी अंगावर पाजणारी, चोळी ओली. मेल्याने तिथेच चाचपलं. परळपासून घरापर्यंत रडत आली पोर. कारकून वर म्हणतो, "साहेब म्हणाला, ह्या नेटिव बायकांना कसली आलीय लाज."

ता. ४
साहेबाची मडम गिरणी बघायला आली. वाऱ्याने झगा उडत होता, तर साहेबाने पहारेकऱ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. हेच ते पहारेकरी! तिची लाज ती लाज, आणि आमची काय चिंधी? रागाने जेवण गेलं नाही.

ता. ५
दुपारच्या सुट्टीत आमच्या खात्यातल्या बायकांवर देखरेख करणारी नायकीण राधाबाई माझ्याकडे आली. एरवी कोणी येत नाही. मी महाराची, म्हणून कोपऱ्यात बसून रद्दी सूत वेचायचं. चार हात लांब उभी राहून म्हणे, "तानू, तुका लिवाक येता ना गे? सायबाक अर्ज लिव, झडती बंद कर म्हणान."
आबा पलटणीतले हवालदार, त्यांनी मला शिकवलं. खात्यात अक्षर एकटीलाच येतं. बाकीच्या सहीच्या जागी निशाणी म्हणून बांगडीचा गोल काढणार. म्हटलं, लिहिते. तर लगेच, "तुझा नाव मातर घालू नको. नायतर कोण निशाणी करूचा नाय."
गिळलं. काशीसाठी गिळलं.

ता. ८, रविवार
अर्ज झाला. तीनदा लिहून काढला. आबा म्हणाले, "अक्षर बरं आहे. तुझी सही कुठाय?" मी कागदाची घडी घातली.

ता. ९
काय म्हणावं ह्या बायांना! कागद जमिनीवर ठेवायला लावला. मग रा.बाईने विटाळ जावा म्हणून त्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं. शाईच ती! वरपासून खालपर्यंत सगळं काळं डबकं. आधी मला हसू आलं, मग असा संताप की... साहेबाच्या लेखी आम्ही सगळ्याच नेटिव, एका माळेचे मणी. हे ह्यांना कोणी सांगायचं?
"परत लिव गे बाय." आता बाय!
म्हटलं, लिहीन. पहिलं नाव माझं. आणि टाक माझ्या हातातून घ्यायचा. नसेल जमत तर द्या ओट्या चाचपायला.
शेवटचं बोलायला नको होतं. काशी ऐकत होती.

ता. ११
नवा अर्ज. खाली पहिली सही माझी, ठळक. टाक पुढे केला. रा.बाई म्हणते, "खाली ठेव." नाही ठेवला. हात भरून आला तरी नाही. शेवटी काशी उठली, हातातून टाक ओढून घेतला आणि माझ्या नावाखाली बांगडी काढली. वाकडी, अंड्यासारखी. तिच्यामागून आठ-नऊ जणी. रा.बाई नाही. आणि नायकिणीशिवाय अर्ज साहेब हातात धरायचा नाही.

ता. १२
संध्याकाळी फाटकावर. नायकिणीला आजवर सोडायचे. आज तिच्याही ओटीत हात घातला, सगळ्यांदेखत. दगडासारखी उभी राहिली. मग मागे न बघताच हात मागे केला, "तानू, दे गे तो टाक."
सोबतचा अर्ज काढला, टाक शाईत बुडवून दिला. हाताला हात लागला. तिने काढून घेतला नाही. भिंतीला कागद लावून बांगडी काढली, तशीच कारकुनाच्या खिडकीशी गेली आणि अर्ज आत सरकवला. तो हसून म्हणाला, "उद्या सगळ्या घरी बसाल."
उद्या भोंग्याला कामावर घेतात की फाटकातूनच हाकलतात, बघू. रा.बाईच्या बोटांना माझी शाई लागलीय. घरी जाऊन नुसते हात धुतले की डोक्यावरून आंघोळ केली, तेही उद्याच कळेल.