शून्य निकाल

३ जून
आज रुजू झालो. निवृत्तीनंतर पुन्हा डबा घेऊन निघताना कवितेच्या तासाला जातोय असंच वाटलं. हे शहरातल्या माणसांचं संकेतस्थळ. हयात असो वा नसो, प्रत्येकाचं एक पान. रुजू होताच माझंही झालं. जुना शोध रखडतो म्हणून नवं शोधयंत्र जोडताहेत. ते आधी स्वतःची सूची बांधतं आणि सूचीत असेल तेवढंच दाखवतं. मी नावं टाकून तपासायची. माझ्या आधी हे काम करणारं कोणी नव्हतं म्हणे. खुर्चीच्या गादीला मात्र कुणाच्या तरी पाठीचा खळगा पडला आहे.

५ जून
यंत्र जोडणाऱ्या बाईंना सगळे मागून ‘कात्री’ म्हणतात. खिडकीशी उभा राहून एक कडवं गुणगुणलो, तर म्हणाल्या, मास्तर, यमकं नंतर जुळवा, आधी नावं जुळवा.
ही गेली तेव्हा कुणीतरी केलेलं आमच्या हिचं त्रोटक पान नव्याने लिहायला घेतलंय. शेवटचं वाक्य मनासारखं उतरेना. तसंच मसुद्यात ठेवलं.

८ जून
कात्रीबाईंनी जुनी सूची पुसून नवी बांधली. मसुदे वगळून. हिचं नाव टाकलं. शून्य निकाल. यंत्राच्या अडाणीपणाचं हसू आलं.
घरी आलो, तर हिच्या फोटोच्या जागी नुसता खिळा. लेकीला विचारलं. ती म्हणाली, “कोणाचा फोटो, बाबा?”

९ जून
लेक अशी थट्टा करणारी नाही. कपाटात साड्यांचा कप्पाच नाही —
बाईंना विनवलं, पान सूचीत घ्या. अर्धवट पान पुढे सोडत नाही, म्हणाल्या. उद्या सूची पुन्हा बांधणार, तोवर पुरं करा.

१० जून
शेवटचं वाक्य. कविता म्हणताना मी चुकलो की ही स्वयंपाकघरातून दुरुस्त करायची. कडवं आठवतं. आवाज —
डोळे कसे होते? नाव तरी —
कात्रीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मी मान वर न करता ऐकलं. “मास्तर, तुमच्या पानावरचा पत्नीचा दुवा तुटलाय. म्हणून तुमचं पानही मसुद्यात टाकलं. बांधणी सुरू केलीय.”

११ जून
माझ्या किल्लीने दार उघडेना. लेकीने उघडलं. साखळी न काढता, फटीतून.
“कोण हवंय आपल्याला?”
आपल्याला, म्हणाली.
पायरीवर बसून लिहितोय. कडवं म्हणून पाहिलं. दुसऱ्या ओळीला चुकलो बहुतेक. आतून कुणी —
माझं नाव लिहून ठेवतो. म्हणजे निदान —
माझं नाव