दार उघडता येईल असे असावे

ता. ९

प्रिय ताईस,

नमस्कार. दाजींनाही सांग. इकडे सगळे बरे आहोत, आईचे गुडघे सोडून. ते तिचं ऐकत नाहीत. ती म्हणते, या घरात कोणीच ऐकत नाही, त्यांनी तरी का ऐकावं. आमच्या धाकटीला चष्मा लागला. चष्म्यातून ती अगदी तुझ्यासारखी बघते, म्हणजे समोरचा खोटं बोलतोय हे आधीच धरून.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला दुसऱ्याच वाक्याला "आईला दे" म्हणतेस, आणि आज मला बरीच वाक्यं लागणार आहेत.

आमच्या नियम शाखेत सध्या नवी पद्धत आली आहे. पूर्वी साधा बदल करायचा तरी दीड वर्ष जायचं. एका अर्जावरचा खात्याचा जुना पत्ता बदलायला दोन सुनावण्या घेतल्या. दोन्हींना मिळून एक माणूस आला, तोही चुकून. आता ज्या बदलांना कोणाची हरकत असणारच नाही असे किरकोळ बदल एकत्र करून राजपत्रात छापायचे आणि तीस दिवस थांबायचं. लेखी हरकत आली नाही, तर एकतिसाव्या दिवशी ते आपोआप लागू. एक जरी आली, तरी अख्खी यादी पुन्हा जुन्या लांबच्या वाटेला.

पहिली यादी मी केली. एक्केचाळीस बदल. शाखाप्रमुख बाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्यात चांगल्या गोष्टीही आहेत. पेन्शनरांना हयातीचा दाखला टपालाने पाठवता येईल. आईला रांगेत उभं राहावं लागणार नाही. हे तिने शेजारच्या मास्तरीणबाईंना आतापर्यंत तीनदा सांगितलं आहे.

आता सत्ताविसावा बदल. तो शीतगृहांचा आहे, तेव्हा तुझ्या कामाचा. जुना नियम असा: "शीतकक्षाचे दार आतून उघडता येईल व बाहेरून उघडता येईल असे असावे." वाक्यं आटोपशीर करा, तेच तेच शब्द काढा, असा आदेश होता. मी केलं: "शीतकक्षाचे दार उघडता येईल असे असावे." शाखेत त्यावर हसलोही. न उघडणाऱ्या दाराला भिंत म्हणतात, तिच्यासाठी नियम कशाला, असं मीच म्हणालो होतो.

यादी छापून आल्यावर बाराव्या दिवशी शीतगृह मालकांच्या संघटनेतून फोन आला. माणूस फार नम्र. नव्या नियमाप्रमाणे आतल्या बाजूची कडी सक्तीची राहिलेली नाही, असंच समजायचं ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. बघून सांगतो म्हणालो. फोन ठेवला आणि जुनं-नवं वाक्य शेजारी ठेवून पुन्हा वाचलं.

बाईंना सांगितलं. त्या वाईट नाहीत, पण पहिलीच यादी आहे आणि वरून रोज विचारणा होते. म्हणाल्या, "एका कडीसाठी चाळीस बदल दीड वर्ष लटकवू? लागू होऊ दे. पुढच्या यादीत दुरुस्ती आणू." पुढची यादी सहा महिन्यांनी. तोपर्यंत काय, असं मी विचारलं. लावलेली कडी कोण मुद्दाम काढायला जातंय, असं त्यांचं म्हणणं. मोडलेली कोण दुरुस्त करील, हे त्यांना विचारायचं राहिलं.

आज एकविसावा दिवस आहे. मुदत अठरा तारखेला पाच वाजता संपते. मी शाखेतला असल्यामुळे मला हरकत घेता येत नाही. ती बाहेरून यायला हवी. तू शीतगृहात रोज काम करतेस, तुझ्या चार ओळींना वजन आहे. सोबत मजकूर तयार करून जोडला आहे, फक्त सही कर आणि टाक. माझं नाव कुठे येणार नाही एवढं बघ.

त्या दाराबद्दल तुला मी आणखी काय सांगणार.

वाट पाहतो.

तुझा लाडका (निदान आईचं तरी तसं म्हणणं आहे) भाऊ


ता. १८

ताई,

तुझं पाकीट काल मिळालं. माझाच कागद परत, सही न करता, आणि मागच्या बाजूला तुझ्या हातच्या दोन ओळी: "तुला हरकत घेता येत नाही हे कुठल्या नियमात आहे, तो क्रमांक कळव. आणि मागच्या वेळचं कोण लिहिणार?"

क्रमांक नाही. असा नियमच नाही. माझ्याइतके नियम पाठ असलेला माणूस या इमारतीत दुसरा नाही, तेव्हा चुकून लिहिलं असंही म्हणता येणार नाही. हरकतीवर तुझी सही असती, तर तुझ्या मालकाने तुला धारेवर धरलं असतं आणि मी इथे खुर्चीत बसून "अरेरे" म्हटलं असतं. हे मजकूर तयार करतानाच मला कळत होतं.

मागच्या वेळचं मी लिहितो.

तीन वर्षांपूर्वी तू चार नंबरच्या कक्षात पस्तीस मिनिटं अडकलीस. आतली कडी दोन महिन्यांपासून मोडलेली होती. फळांच्या पेटीची फळी उचकटून तू दारावर मारत राहिलीस, ते शेवटी एका हमालाने ऐकलं. आठवड्याने तू तक्रार लिहून माझ्याकडे आणलीस, भाषा तपासून दे म्हणून. मी भाषा तपासली. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. आणि मग म्हणालो, देऊ नकोस. नियम तर आहेच, तो दाखव, मालक कडी बसवून देईल. तेव्हा माझी बढती याच खात्यात अडकली होती आणि तक्रारदार कोणाची बहीण, असं कोणी विचारायला नको होतं. हे तुला सांगितलं नाही. तुला कळलं होतं. कागदाची घडी घालताना तू माझ्याकडे जे पाहिलंस त्यावरून मला कळलं की तुला कळलं.

आई सांगते, नियमाचं ते एक वाक्य तू मोठ्या अक्षरात लिहून दारावर चिकटवलंस आणि कडी बसेपर्यंत मालकाला रोज त्यासमोर उभं केलंस. म्हणजे मी काढला तो "आतून" हा शब्द त्यातलाच.

तो काढताना मला तुझी आठवण आली नाही. आठवण येऊनही काढला असता, तर निदान निर्लज्ज तरी ठरलो असतो. मी फक्त शब्द मोजत होतो.

आज दुपारी मी स्वतः हरकत लिहिली आणि पावणेपाचला आवक खिडकीवर दिली. तिथल्या कारकुनाने कागद वाचला, मला पाहिलं, पुन्हा वाचला. म्हणाला, "साहेब, ही तुमच्याच यादीवर आहे." मी हो म्हणालो. अर्जात विषयाशी संबंध असा एक रकाना आहे. तिथे मी "मसुदा मीच लिहिला" एवढंच लिहिलं. तुझा उल्लेख कुठेही नाही. त्याने शिक्का मारला.

पाच मिनिटांत बाई खाली आल्या. इतका जिना त्या कधी उतरत नाहीत. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "पाचपर्यंत परत घेता येतं. खिडकी उघडी आहे." आणि शेजारी उभ्या राहिल्या. मी बाकावर बसून राहिलो. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या खिडकीकडे बघत होतो. मनात आईची रांग आली, बढती आली, बाईंनी माझ्यासाठी वर टाकलेले शब्द आले. एकदा उठलोही, ताई. हे तुला सांगायलाच हवं. उठलो आणि पुन्हा बसलो. मग कारकुनाने खिडकी ओढून घेतली.

उद्यापासून यादीचं काम दुसऱ्याकडे. मला अभिलेख कक्षात पाठवतील, असं ऐकतो.

घरी आल्यावर आईला सांगितलं की दाखल्याचं लांबलं, पुढच्या वर्षीही रांग आहे. कोणत्या मेल्याने हरकत घेतली, असं तिने विचारलं. मी म्हणालो, मी. तिने कारण विचारलं, तेही सांगितलं, तीन वर्षांपूर्वीपासून. ती गुडघे चोळू लागली. मग म्हणाली, "हे तिला कळवलंस का?"

म्हणून हे पत्र.

आता सुनावणी होईल. जुन्या वाटेने, सगळ्यांना बोलावून. तुझी ती तक्रार अजून तुझ्यापाशी असेल आणि तुला द्यावीशी वाटली, तर दे. नाही दिलीस तरी हरकत उभी आहे, ती तुझ्यावर अवलंबून नाही. पण दिलीस, तर ती मला दाखवू नकोस. आहे तशी दे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

तुला गप्प बसवणारा,
तुझा भाऊ