पिवळ्या गाडीला एरंडेल

शिरूर,
सोमवार दुपार

तीर्थरूप हौशीराममामांस,
भाचा संघर्ष याचा सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे मजेत आहोत. तुमची, मामींची आणि तुमच्या डाव्या गुडघ्याची प्रकृती बरी असेल अशी आशा करतो. गाडीची प्रकृतीही उत्तम आहे. (हे वाक्य मी सगळ्यात आधी लिहिणार होतो, पण माणसांच्या आधी गाडी बरी दिसत नाही असं आईचं म्हणणं पडलं. तुम्हाला ते चाललं असतं, हे तिला कोण सांगणार?) खिशात फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. तर मामा, फोनवर तुम्ही माझ्या पहिल्या वाक्यालाच ओरडता आणि माझं दुसरं वाक्य घशातच राहतं. म्हणून हे पत्र, आणि ते घेऊन साक्षात आई दौंडला येते आहे. ती तुमची थोरली बहीण. तिच्यासमोर तुमचा आवाज चढत नाही, हे सगळ्या रेल्वे कॉलनीला ठाऊक आहे. तिला आधी चहा द्या, मग पुढे वाचा.

शनिवारी सकाळी तुम्ही गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवलीत तेव्हा तुमचे डोळे भरून आले होते. तेजश्रीला सासरी पाठवताना तुम्ही बाप म्हणून खंबीर उभे होता, मी स्वतः पाहिलंय. पण गाडी फाटकाबाहेर काढताना तुम्ही मामींचा खांदा धरलात. आता माझी बाजूही लक्षात घ्या. उभी हयात तुम्ही रेल्वेचं इंजिन चालवलंत, पिवळा सिग्नल म्हणजे सावकाश हे तुमच्या रक्तात मुरलं, म्हणून निवृत्तीनंतर गाडीही पिवळीधमक घेतलीत आणि तिला कधी चाळीसच्या वर जाऊ दिलं नाहीत. चिंचेखाली लावायची नाही, पाखरं घाण करतात. खडीच्या डंपरमागे जायचं नाही, उसाच्या ट्रॉलीच्या तर वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. हे सगळं मी मान डोलावून ऐकलं. शेवटी तुम्ही म्हणालात, “किड्याचं रगत रंग खातं, संघर्ष. बोनेटवर किड्याचा एक जरी डाग दिसला, तर पुन्हा गाडी मागायची न्हाई. तुझ्या लग्नात बी न्हाई!”

मामा, लग्न तेव्हा कुठे ठरलं होतं? राहू गावी मुलगी बघायलाच तर निघालो होतो. पण ते ‘लग्नात बी न्हाई’ माझ्या काळजात रुतलं. नवरदेव म्हणून उतरेन तर याच गाडीतून, हे मी ती तुमच्या दारात आली त्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. (तेव्हा मुलगी पाहण्यात नव्हती, पण गाडी पाहिली होती.) त्यामुळे तो रंग सांभाळणं ही तुमच्यापेक्षा माझी गरज होती, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

तुम्ही बोनेटवर मामींची गोधडी सुतळीने बांधून दिली होती. ती पाटसच्या अलीकडे आईने सोडायला लावली. पहिल्यांदा पाहुण्यांच्या दारात जायचं आणि पुढे गोधडी, म्हणजे मुक्कामालाच आलो असं दिसतं, असं ती म्हणाली. हे काही खोटं नाही. मग मी माझी युक्ती बाहेर काढली. मोठ्या गाड्यांचे मालक रंगावर फिल्म लावून घेतात, असं मी ऐकून होतो. आणि मी रांजणगावात कंपनीत काय करतो? पॅकिंग! दिवसभर खोक्यांच्या थप्पीला पारदर्शक फिल्मचे वेढे घालतो. फिल्म म्हणजे फिल्म, असा हिशोब करून मी एक रोल डिकीत टाकूनच आणला होता. रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि गुंडाळायला लागलो. हाताला सवय, त्यात मुलगी बघायला जायची तंद्री. बोनेट झालं, दिवे झाले, आणि आईचा दरवाजाही आई आत असताना पॅक झाला. तिने काचेवर टकटक केली तेव्हा मला वाटलं, ती कौतुक करते आहे.

हायवेला लागलो आणि वाऱ्याने फिल्मचं टोक सुटलं. आधी नुसतं फडफडलं, मग वेढ्यामागून वेढा उलगडत गेला आणि गाडीला हे लांबलचक शेपूट आलं. एका दुचाकीवाल्याने शेजारी येऊन हातवारे केले. मीही त्याला हात केला. मागच्या टेम्पोवाल्याला वाटलं गाडी कारखान्यातून कोरी करकरीत निघाली आहे. चौफुल्याला त्याने गाठून पेढे मागितले. मी फिल्म कापली, आईला मोकळं केलं (बाहेर येऊन तिने आधी माझ्या हातातला रोल काढून घेतला) आणि कंपनीतल्या गोकुळला फोन लावला. गोकुळला सगळ्यातलं कळतं. निदान तो तसं बोलतो तरी. तो म्हणाला, “आरं, धिरडं तव्याला चिकटू नये म्हणून काय लावत्यात? त्याल! मग किडा बी सुटंल की.”

मला हे इतकं पटलं की माझ्या डोक्यात आधी का आलं नाही याचं वाईट वाटलं. आणि तेलही गाडीतच होतं. मामींनी आईच्या सांध्यांना चोळायला म्हणून दिलेला एरंडेलाचा डबा! आई नको नको म्हणत असताना मी बोनेट, बंपर, आरसे, सगळं माखून काढलं. काय चकाकत होती गाडी! हळद लागलेल्या नवरीसारखी दिसत होती. मी तिचा फोटोही काढला. (तो तुम्हाला पाठवलेला नाही. पाठवणारही नाही.)

राहूच्या रस्त्याला आत वळेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे दोन्ही अंगांना वांगी, कांदा, ऊस, आणि मग ते आले. एखाददुसरा नाही, मामा. आख्ख्या शिवाराला सांगावा गेल्यासारखे आले. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, नाव माहीत नसलेलीही पुष्कळ मंडळी. जो येईल तो बसत होता आणि जो बसेल तो राहत होता. एकही सुटला नाही. मी वायपर लावला, तर समोरच्या काचेचा रस्सा झाला. मान खिडकीबाहेर काढून मी गाडी मुलीच्या दारात उभी केली. पिवळी गाडी निघाली होती, काळी पोचली. मला रडायला येत होतं. मुलीसाठी नव्हे, तुमचं ते वाक्य आठवून.

मुलीचे वडील कोंडिबा कांबळे स्वागताला पुढे आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, “एरंडेल? पावणं, सापळा कुणी बनीवला ह्यो?” आता मला सांगा, मी शिरूर गावठाणात वाढलेला, शिफ्टला जाणारा माणूस. शेतात पिवळे पुठ्ठे एरंडेल माखून टांगतात, पिवळ्या रंगावर किडे येतात आणि तेलाला चिकटून मरतात, हे मला कुठून ठाऊक असणार? तिथे वांगी लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेजारचे म्हाळूआप्पा तर धावत आले. “आमच्या वांग्यातनं बी एक चक्कर मारा की, लई मावा पडलाय.”

मग काय, आलो होतो मुलगी बघायला आणि बसलो वांग्यांच्या कडेकडेने गाडी फिरवत. इस्त्रीचा शर्ट अंगात, शेजारच्या सीटवर कोंडिबा, मागे आई आणि तीन शेजारणी. माझी नोकरी पर्मनंट आहे का, दारू पितो का, शिक्षण किती, सगळ्या चौकशा त्या चालत्या गाडीतच झाल्या. दर वळणाला कोंडिबा एक प्रश्न विचारत आणि एकदा बोनेटकडे बघून मान डोलावत. मान कशाला डोलावतात हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. घरात पोहे गार झाले.

शेवटी करुणाच चहा घेऊन बांधावर आली. (करुणा म्हणजे मुलगी. इतकं लिहिलं आणि तिचं नाव आत्ता येतंय, यावरून तुमच्या गाडीने किती जागा खाल्ली ते बघा.) तिने गाडी बघितली, मला बघितलं आणि विचारलं, “त्याल कशापायी लावलं?” मी म्हणालो, किडे चिकटू नयेत म्हणून. धिरड्याचंही सांगितलं. मामा, ती जी हसायला लागली, ती बांधावर खालीच बसली. चहा सांडला, ओढणी तोंडात घातली तरी हसू थांबेना. मीही हसायला लागलो. मग आई हसली, ती शनिवारची पहिल्यांदाच. मला करुणा तिथेच आवडली, मामा. अगदी मनापासून आवडली. जी माणसाच्या मूर्खपणावर इतकं स्वच्छ हसते, तिच्याबरोबर माझे दिवस चांगले जातील असं वाटलं.

नंतर रिठ्याचं कोमट पाणी करून कोंडिबांनी, मी आणि म्हाळूआप्पांनी गाडी धुतली. तेलाचा थर इतका जाड होता की एकाही किड्याचं रक्त तुमच्या रंगापर्यंत पोचलंच नाही. शपथेवर सांगतो, किड्याचा एकही डाग नाही. वाटल्यास भिंग घेऊन बघा. गाडी दोन दिवसांनी आणून देतो. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
संघर्ष

ता.क. : करुणाकडून होकार आला आहे. तिने लेखी दिला आहे. लग्न राहूच्या विहारात, मोजक्या माणसांत. कोंडिबांची मागणी काही नाही, फक्त एक अट आहे. नवरदेव त्याच पिवळ्या गाडीतून, एरंडेल लावून, वांग्यांच्या रस्त्याने यावा. तेव्हा गाडी द्यावी, ही नम्र विनंती. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं.

आणखी एक ता.क. : मामींना हे सगळं शनिवारी संध्याकाळीच कळलं आहे. पत्र लिहायची कल्पना त्यांचीच. एरंडेलाचा दुसरा डबाही त्यांनी घेऊन ठेवला आहे.

शेवटचं ता.क., आणि हे आईचा हात धरून वाचावं : होकार लेखी दिला असं मी वर लिहिलं, पण कशावर ते लिहिलं नाही. गाडी धुवायला घेण्याआधी करुणा बोनेटपाशी आली. किड्यांत बोट कोण घालणार, म्हणून तिने बाभळीचा काटा उचलला आणि त्या तेलामाव्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘चालंल’. गाडी धुतली, तेल गेलं, किडे गेले. ‘चालंल’ राहिलं. काटा रंगापर्यंत पोचला होता. पॉलिशवाला म्हणतो, घासून निघेल, सकाळी आणून सोडा. मी गाडी त्याच्या दारापर्यंत नेली आणि तशीच परत आणली. तुम्ही किड्याचा डाग म्हणाला होतात, मामा, आणि हा काही किड्याचा नाही. आता तुम्हीच सांगा, पुसून टाकू?