गिळलेला निरोप

३ मार्च, सोमवार
रेडिओवर आमच्या वासेवाचं नाव! वेलिंग्टनला फिजीची हाय कमिशनर. बायकोनं, सालोतेनं, हातातला दालोचा कंद सोलायचा सोडून अशी आरोळी ठोकली की चार घरं धावत आली, कुणाला काय चावलं म्हणून.

संध्याकाळी वासेवाचा सुवाहून फोन. बायको रडली, हसली, पुन्हा रडली. मग फोन माझ्या हातात. मी म्हणालो, "बरं झालं." झालं! एवढंच.

"परक्यांपुढे तासतास बोलतोस, आणि पोटच्या पोरीशी दोन शब्द?" – सालोते.

खरं आहे. चाळीस वर्षं मी रातूंचा, आमच्या गावप्रमुखांचा, मतानिवानुआ. आमचे रातू सभेत स्वतः बोलत नाहीत, त्यांचं तोंड मी. बापाकडून हे काम आलं. दुसऱ्याचं बोलायचं असलं की शब्द कमी पडत नाहीत. माझं स्वतःचं काही असलं की एकही सापडत नाही.

५ मार्च
झोप नीट नाही. बावीस वर्षांची होती वासेवा. परराष्ट्र खात्यात नोकरी लागली म्हणून नाचत घरी आली होती. मी म्हणालो, "दुसऱ्याच्या वतीनं बोलणं हे बायकांचं काम नाही." सगळ्यांसमोर म्हणालो. सकाळच्या बोटीनं गेली. पुढे येत-जात राहिली, भांडण असं नाहीच, पण ते वाक्य मी कधी परत घेतलं नाही. आता ती समुद्रापार जाण्याआधी घ्यायचं. ठरलं.

१६ मार्च, रविवार
प्रार्थनेनंतर सगळी म्हातारी मंडळी एकाच विषयावर. एरोनी म्हणतो, "हाय कमिशनर म्हणजे राज्य करणारा! तुझी पोरगी आता वेलिंग्टनवर राज्य करणार."

त्याचं तरी काय चुकलं? आमच्या लहानपणी ऐकलेला हाय कमिशनर तसाच. राजधानीत, सुवात बसायचा, टोपीला पिसं, आणि हाताखाली किती बेटं ते त्यालाही पाठ नसावं. रातूंच्या वडिलांचा निरोप घेऊन माझा बाप त्याच्याकडे गेला होता, माझ्या जन्माआधी. सकाळपासून पायरीवर उन्हात बसवून ठेवला. दुपारी कुणी कारकून येऊन म्हणाला, उद्या ये.

आणि त्याच बापाची नात आता त्याच नावाच्या खुर्चीत! आज दिवसभर हसू येत होतं. सालोते म्हणाली, एकटाच काय हसतोस, पोट बिघडलंय का?

२४ मार्च, सोमवार
वासेवा आली. समुद्र खवळलेला. गावाला बोटीचा धक्का नाही, त्यामुळे बोट लांब उभी, तिथून होडीत, होडीतून कमरेएवढ्या पाण्यात. हाय कमिशनरबाई चपला डोक्यावर धरून किनाऱ्याला लागल्या!

जेवताना एरोनी हजर, न बोलावता. "किती बेटं गं तुझ्या हाताखाली?"

"एकही नाही, काका. एक ड्रायव्हर आहे, तोही ऐकेल तर शपथ."

मग तिनं समजावलं. पूर्वी इंग्लंडच्या एकाच राजाची ही दोन राज्यं. राजानं स्वतःकडेच राजदूत कसा धाडायचा? म्हणून राज्यकारभारातलंच हे नाव उचललं. पुढे राज्य करणारे गेले, नुसतं बोलणारे उरले. "सत्त्याऐंशीला आपण कॉमनवेल्थमधून बाहेर पडलो तेव्हा कचेरीच्या पाटीवर 'राजदूत' आलं, दहा वर्षांनी परत गेलो तर पुन्हा हे. खुर्ची तीच. काम म्हणाल तर आमच्या ताताचंच. दुसऱ्याचा निरोप पोचवायचा, आपलं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही."

माझ्याकडे बघून म्हणाली. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मासा घे अजून."

२६ मार्च
रातूंनी बोलावलं. शुक्रवारी वासेवा यांगोना – मानाच्या पेयाच्या मुळ्या – घेऊन त्यांचा निरोप घ्यायला येणार, तेव्हा मी त्यांच्या वतीनं काय बोलायचं ते सांगितलं. "तिला सांग, गावाला धक्का हवा. तिथल्या सरकारकडून धक्का मिळवल्याशिवाय तिनं गावात पाऊल टाकू नये."

माझा चेहरा पडला असणार. "होय, रातू," म्हणालो.

चूक काय त्यात? धक्का हवाच आहे. गेल्या वर्षी गावातल्या लुसियानाला बाळंतपणाला नेताना होडी उलटता उलटता राहिली. पण पहिल्याच दिवसापासून पोरीच्या मानेवर हे ओझं? आणि ते माझ्या तोंडानं?

२७ मार्च
दोनदा प्रयत्न केला. एकदा ती कपडे धूत होती, तर मी साबण चांगला आहे का विचारलं. दुसऱ्यांदा ती झोपली होती. संध्याकाळभर किनाऱ्यावर उद्याचं भाषण घोकत फिरलो. परतलो तेव्हा घरात सगळे गप्प. असतील दमलेले.

२८ मार्च, शुक्रवार
लिहून ठेवतो.

सभेच्या घरात सगळं गाव. वासेवाच्या बाजूनं तिचा मामा बोलला – काय लांबण लावली त्या माणसानं! यांगोनाच्या मुळ्या पुढे ठेवल्या. मी रातूंच्या वतीनं हात लावला, स्वीकारल्या, आशीर्वाद दिला. मग धक्क्याची पाळी. तोंड उघडलं आणि धक्का आलाच नाही.

मी म्हणालो, "बाई, या गावानं तुला एकदा सांगितलं होतं की हे बायकांचं काम नाही. गाव चुकलं. त्या दिवसापासून गावाला त्याची लाज वाटते आहे. दमलीस तर परत ये. रिकाम्या हातानं ये. कुणी काही विचारणार नाही."

रातूंकडे बघायची माझी छाती झाली नाही. वासेवानं ओंजळीची टाळी तीनदा वाजवली आणि रातूंपुढे मान लववली. रातूंपुढे, माझ्यापुढे नाही. बरोबरच आहे की! शब्द त्यांचे होते.

मग कटोरी रातूंना, आणि त्यांच्या मागोमाग रिवाजाप्रमाणे मला. मी प्यालो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या कटोरीचा मान मी कमावला नव्हता.

२९ मार्च
वासेवा सकाळी गेली. मला मिठी मारली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मी म्हणालो, "तिकडे थंडी असते, जपून."

दुपारी बापाच्या वेळचा तांबुआ – देवमाशाचा दात – घेऊन रातूंच्या दारात गुडघ्यावर बसलो. सगळं कबूल केलं. तुमचा निरोप गिळला, तुमच्या नावावर माझं बोललो, दुसरं तोंड शोधा.

रातूंनी दात हातात घेतला, बराच वेळ कुरवाळला. मग म्हणाले, "झालं ते झालं. काम तुझंच. आता जेवूनच जा, आज खेकडे आहेत."

एवढंच! मी तीन खेकडे खाल्ले. सुटलो म्हणून आनंद, पण कोडं सुटेना. रातू इतके मऊ कधीपासून?

४ एप्रिल
बाग साफ केली. दालोची नवी रोपं लावली. बरं वाटतंय. फक्त एकच सलतं – माफी मागितली ती गावानं. पोरीला काय कळणार तिचा बाप काय म्हणाला?

९ एप्रिल, बुधवार
वासेवाचा फोन. सालोते बागेत होती म्हणून मीच घेतला, आणि कसं कोण जाणे, बोलून गेलो. "त्या दिवशीचं ते बोलणं रातूंचं नव्हतं. माझं होतं."

ती हसली. मग आवाज भरून आला तिचा. "ठाऊक आहे, ताता. आदल्या संध्याकाळी तू किनाऱ्यावर होतास ना, तेव्हा रातू स्वतः काठी टेकत आपल्या घरी आले होते. धक्क्याचं म्हणाले, जमलं तर बघ. आणि म्हणाले, 'हे मीच सांगून टाकतो, म्हणजे उद्या तुझ्या बापाचं तोंड मोकळं राहील. त्याला तुला काहीतरी सांगायचंय.'"