सुरुंगाच्या गाडीची चावी

रमाचे बाबा,

सुरुंगाच्या दारूची गाडी चालवाचा परवाना तुमाले भेटला, पण तो कसा भेटला हे मले ठाऊक हाये. पेट्यांवरच्या सूचना ज्याले वाचता येते, त्यालेच तो देतात. मी वाचून दाखवलेलं पान तुमी पाठ केलं अन् साहेबापुढं घडाघडा म्हणून टाकलं. साहेबानं कागद उलटा देला असता, तरी तुमी तेच म्हटलं असतं!

आज राळेगावच्या विहिरीसाठी पेट्या भरून राह्यले. रस्त्यात त्यायच्यावरचं कोण वाचून देईन?

चावी मी लपवली. ज्वारीच्या कणगीत हाये. दोन महिने रमानं अक्षरं शिकवली, आता हे वाचा अन् चावी घ्या. तिच्याकडून वाचून घ्याल म्हणून तिले मी संगच वावरात नेली.

कोकिळा