मागच्या खोलीची वाट

लिहून ठेवतो मी, सुताराचा धाकटा मुलगा, बंदरावरचा हमाल, सध्या मुक्काम दवाखान्यातली खिडकीजवळची खाट. पाय सडत चाललाय, डोकं शाबूत आहे. डॉक्टर कंपाउंडरासमोर तसं बोललेत. उद्या पाय कापणार. त्यातून उठलो तर हा कागद मीच फाडीन. नाही उठलो तर यात आहे तसंच करावं. कोणी दारू पाजून लिहून घेतलेलं नाही; पाजली असती तर बरं झालं असतं. शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षराला हसू नये.

पोती ओढायचा माझा आकडा जोडीदाराला द्यावा. तो डावरा आहे, मूठ फिरवून घ्यावी. पत्र्याची पेटीही त्याचीच. जोडे ज्याच्या पायाला येतील त्याचे. मुकादमाला काही नाही, नमस्कारसुद्धा नाही.

शिंप्याच्या थोरलीनं माझ्यासाठी थांबू नये. निघताना ती म्हणाली होती, "तुझ्या पायाला भिंगरी. परत येशील तेव्हा मी म्हातारी झालेली असेन." मी म्हणालो, "मग येताना काठी आणतो." असली थट्टा करून बोटीत चढलो, नीट बोलायचं राहूनच गेलं. माझी लोकरी शाल सरळ तिला देऊ नये, लोक बोलतील. आईजवळ द्यावी. पुढं कोणाला द्यायची ते आईला कळतं.

आता गोळीबाराचं. चौकशीच्या साहेबाचा कारकून खाटेशी येऊन म्हणाला, "जमाव चाल करून आला म्हणून गोळी झाडली, एवढ्यावर सही कर." मग युनियनचे मास्तर आले. "इशारा न देता झाडली, असं सांग." मी दोघांनाही सही दिली नाही. माझी साक्ष ती ही.

संपात पकडलेले सोबती सोडा म्हणून आम्ही जकातीच्या फाटकासमोर बसलो होतो. पलटणीनं बिगूल वाजवला. त्यांच्यात त्याचा अर्थ, पांगा, नाहीतर गोळी. आमच्या धक्क्यावर मुकादमसुद्धा बिगूलच वाजवतो, पलटणीनं टाकून दिलेला जुना. आमच्यात त्याचा अर्थ, जहाज लागलं, पळा. जो आधी फाटकाशी पोचेल त्याला काम. बिगूल वाजला की हमालाचे पाय डोक्याला विचारत नाहीत. आम्ही उठलो आणि सगळे फाटकाकडे धावलो. समोरच्यांना काय दिसलं असेल ते मला कळतं.

पहिली फैर भीतीची होती, असं मी मानतो. तिचा दोष जास्त त्या साहेबाचा, जो बंदरावर राज्य करतो आणि बंदराचा बिगूल ज्यानं कधी ऐकला नाही. पण आम्ही उलटे फिरलो, पळत सुटलो, तेव्हा दुसरी फैर झाली. माझी गोळी पोटरीत मागून शिरलीय. पळणाऱ्याच्या पाठीची कसली आलीय भीती? तिला माफी नाही. एक झाकून दुसरं कोणी वाचू नये.

गोळी झाडणाऱ्या पलटणीच्या रांगेत माझा दादा होता. सरकार परक्यांचं, बंदुका परक्यांच्या, हात आपल्याच पोरांचे. तो भेटायला आला तो भिंतीकडे बघूनच बोलत होता. "पहिल्या हुकमाला झाडली. दुसऱ्याला हात उचलला नाही, असं वाटतं. शपथ नाही घेता येत." मग म्हणाला, "तुझ्या पायातली माझी तर नसेल?"

मी म्हणालो, "गोफणीनं समोरची बाटली कधी फुटली नाही तुझ्याच्यानं!"

तो हसला, आणि मग त्याला रडू आवरेना. या महिन्यात त्याची नोकरीची मुदत संपते. घरी जायचं म्हणतो. पण बाबांनी खलाशाबरोबर निरोप धाडलाय, "ज्यानं बंदूक धरली त्यानं माझा उंबरा चढायचा नाही."

तर बाबा, आजोबांनी माझ्या नावे केलेली मागची खोली मी दादाला देतो. तुम्हाला ते मोडता येणार नाही, वकिलाला विचारलंय. त्या खोलीत तुमच्या रंध्याचा भुसा उडून यायचा, पांघरुणात शिरायचा, आणि मी कुरकुर करायचो. इथं जहाजावरच्या फळ्या उतरवताना मी नाक लावून उभा राहतो. जोडीदार म्हणतो, "हुंगतोस काय, कुत्रा आहेस का?" त्याला काय सांगणार, घर हुंगतोय म्हणून?

त्या खोलीला वेगळी वाट नाही. तुमच्या सुतारकामाच्या बाकाशेजारूनच आत जावं लागतं. मागच्या भिंतीला दार पाडायचं नाही, ही माझी अट. तो येईल तेव्हा तुम्ही काम करत असाल. बोलू नका हवं तर. मान वर करू नका. पण बाक सरकवल्याशिवाय मोठ्या माणसाला तिथून जाता येत नाही. तेवढा सरकवा.

दादा साक्षीदार म्हणून सही करायला पुढं झाला होता. कंपाउंडर म्हणाला, "ज्याला मिळणार त्याची सही चालत नाही. बाहेर थांब." तो दाराबाहेर उभा आहे, टोपी हातात घेऊन. खालच्या दोन्ही साक्षीदारांच्या सह्या झाल्या की त्याला आत घ्यावं. आज त्यानं माझ्याजवळ बसावं.

लिहिणाऱ्याची सही: (स्वतःच्या हातानं)

साक्षीदार:
दवाखान्याचे कंपाउंडर, सही
शेजारच्या खाटेवरचा खलाशी, डावा अंगठा

ठिकाण: बंदराचा दवाखाना
तारीख: पाय कापण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी