नित्याच्या तुलाभाराआधी

कुंभकोणम्
शुक्रवार, कार्तिक वद्य दशमी
१४ नोव्हेंबर २०२५

सौ. त्रिपुरसुंदरी विहीणबाईंस नागलक्ष्मीचा नमस्कार.

पांडुरंगाच्या कृपेने इकडे सगळी बरी आहोत. पाऊस सुरू आहे, दुपटी वाळत नाहीत, दोरी आता देवघरापर्यंत आली आहे. तुमचं पार्सल मिळाल्याचं फोनवर सांगितलं होतं, पण नीट लिहायचं राहून गेलं. दुधाच्या पावडरचे दोन डबे, चार सुती झबली, बाळंतशेपा, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली चांदीची पालाडै, आपल्या आज्या जिला बोंडलं म्हणायच्या ती, बाळाला दूध पाजायची. चोचीजवळ थोडी चेपली आहे, पण दूध सुरेख ओतते. कुरिअरचे दोनशे चाळीस तुमचे गेले. तेवढ्यात इथे अर्धा डबा आला असता. पुढच्या वेळी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती द्या.

पुढच्या वेळी डबे मात्र नकोत. त्याचंच लिहायला बसले आहे. मुलीच्या आईने विहिणीला असं लिहायची रीत नाही, पण फोन तुमच्याकडे स्पीकरवर असतो, आणि आमच्याकडेही.

नित्याची बाटली आम्ही तुम्हाला न विचारता बंद केली. आमची लावण्या तुम्हाला ‘पावडर देते, देते’ म्हणते ते खोटं नाही. पावडर अजून थोडी लागते, पण ती बोंडल्याने देतो. बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं, लावण्याला ताप होता, तेव्हा बाटलीवाचून इलाज नव्हता. घरी आल्यावर मात्र अंगावर घेतलं की नित्या पाठीची कमान करून रडायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाटलीतून दूध आपोआप गळतं, आईकडे ओढावं लागतं. मेहनत नको असलेली आपली नात! त्यांनीच सांगितलं तसं आता करतो. नित्याला नुसत्या लंगोटीवर लावण्याच्या उघड्या छातीशी ठेवायचं, वरून माझं जुनं लुगडं. भूक लागून रडायच्या आधी, अर्धवट झोपेतच अंगावर घ्यायचं. तोंड फिरवलंन् की मी बोंडल्यातून थेंब थेंब लावण्याच्या छातीवर सोडते. ते ओघळत बाळाच्या ओठांशी येतं, आणि चाटता चाटता ती ओढू लागते.

“आई, दूध पाजतेस का अभिषेक करतेस?” लावण्या म्हणते.

“अभिषेकच. तीर्थ सांडू नकोस म्हणावं तिला.”

ओट्यावरून आमचे यजमान विचारतात, “घेतलंन् का?”

“घेतलं होतं. तुम्ही विचारलंत, सोडलंन्.”

असं चाललं आहे.

आता तुलाभाराचं. नित्या पेटीत होती तेव्हा तुम्ही गोविंदपुरमच्या पांडुरंगाला नातीच्या भारंभार खडीसाखरेचा नवस बोललात, मार्गशीर्षातला दिवसही धरलात. चेन्नईहून सगळे येणार, पारडं चांगलं खाली जायला हवं, म्हणून डबे पाठवलेत, हे मला समजतं. बाळाचं वजन वाढतं आहे, पण सावकाश. दर आठवड्याला दवाखान्यात तोलून घेतो, डॉक्टरीणबाईंना काळजी वाटत नाही. तरी तुमच्या मनात आहे तशी गुबगुबीत ती त्या दिवशी दिसणार नाही. खडीसाखर कमी लागली म्हणून पांडुरंग रुसणार नाही. पाहुण्यांचं मी सांगू शकत नाही.

इथवर लिहून उठले होते. भात उतरवला, नित्याला तुमच्या सुनेजवळ दिलं, आणि परत बसले आहे.

दिवाळीच्या सुमारास तुम्ही फोनवर म्हणालात, “आमच्या घरात कुठल्याच बाईला दूध कमी पडलं नाही. तुमच्याकडचंच अंग कोरडं.” लावण्या शेजारी बसली होती. त्यानंतर बरेच दिवस तिने बाळाला अंगावर घेतलंच नाही. बाटली माझ्या हातात द्यायची आणि भिंतीकडे तोंड करून निजायची. मी रागावले तर म्हणाली, “मी आया आहे, आई. बाटल्या धुवायला ठेवलेली.”

मग एका रविवारी चेन्नईहून तुमचा सुरेंद्र आला. तुमच्या पार्सलातलं बोंडलं मी उकळून ताटलीत ठेवलं होतं. त्याने उचललं, चेपलेल्या जागी अंगठा लावला आणि म्हणाला, “हे माझं. गोमती आत्या सांगायची, मी यावरच वाढलो. अम्माला दूध आलंच नाही. घरातल्यांनी तिला फार छळलं म्हणे.”

लावण्याने भिंतीकडचं तोंड फिरवलं. “तुमच्या अम्माला?”

“हो. पण अम्मा स्वतः कधी बोलत नाही.”

ती उठून बसली. मग म्हणाली, “आई, बाळ दे इकडे.” त्या दिवशी नित्याने घेतलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पण लावण्याने पुन्हा पाठ फिरवली नाही. पुढे एका सकाळी न्हाऊन गुंगलेली पोर आपणहून वळली आणि लागली. लावण्या श्वास रोखून बसली होती. मीसुद्धा. आता सकाळी चांगली पिते, संध्याकाळी अजून रडते, बोंडलं लागतं.

विहीणबाई, हे तुम्हाला उघडं पाडायला लिहीत नाही. आपल्या बायका काय काय बोलतात ते मी ऐकलं आहे, थोडं स्वतःही बोलले असेन. तुम्हाला तेव्हा काय ऐकावं लागलं असेल याचा अंदाज करता येतो. सुरेंद्रवर रागावू नका.

अडचण पुढेच आहे. लावण्या म्हणते, तुलाभार झाला की चेन्नईला नाही यायची. तिथे सगळ्यांसमोर पोर एकदा रडली की पुन्हा बाटली येईल, आणि या वेळी ती सोडवणं आपल्याच्याने होणार नाही. मी समजूत घातली नाही. तुमच्या घरात काय होईल याचा शब्द मी कसा देऊ?

तेव्हा मला उत्तर नको, तिला लिहा. तिला देवनागरी वाचता येत नाही, तामीळ अक्षरांत आपली मराठी लिहा. सुरेंद्रच्या वेळी काय झालं, कोण काय म्हणालं, तुम्ही काय केलंत, एवढंच. उपदेश नसला तरी चालेल. उलट टपाली पाठवा. आमच्या गल्लीत टपाल अकराच्या सुमारास येतं. तेव्हा नित्या अंगावर असते आणि लावण्याचा एक हात मोकळा असतो. पाकीट मी न फोडता त्या हातात देईन.

वाट पाहणारी,
नित्याची दुसरी आजी
नागलक्ष्मी